सावंतवाडीत इमारतीवर येणारी माकडं : पकडून न नेता काय करता येईल?

डोंगरपायथा, सावंतवाडी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण रविवारी आमच्या इमारतीची सभा आहे आणि ठराव व्हायच्या आधी मला नीट माहिती हवी आहे.

आम्ही नरेंद्र डोंगराच्या बाजूला राहतो. तीन मजली इमारत, वर गच्ची, मागे जुना वड आणि वडापलीकडे डोंगराची झाडी. लाल तोंडाच्या माकडांची एक टोळी इथे आहे, इमारत उभी राहिली त्याच्याही आधीपासूनची. पूर्वी ती वडावर असायची. वडाची फळं पिकली की आठवडाभर गोंगाट, मग परत डोंगरात. आता बारा महिने गच्चीवर मुक्काम. पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवून आत उतरतात, वाळत घातलेली आंब्याची साठं नेतात, घंटागाडी यायच्या आधी कचऱ्याच्या बादल्या उपड्या करतात. तळमजल्यावरच्या एका घरात खिडकीतून हात घालून लहान मुलाच्या हातातली पोळी ओढली आणि त्याच्या मनगटावर ओरखडा उठला. त्याच्या आईची भीती खरी आहे, तिला मी काय म्हणून नावं ठेवू?

सभेत तीन मतं आहेत. पहिलं, बाहेरून पकडणारी माणसं बोलवायची, घरटी वर्गणी काढायची आणि माकडं घाटात सोडून यायचं. दुसरं, एकांकडे छऱ्याची बंदूक आहे, तिने दोन-तीन लोळवली की बाकीची पळतील. तिसरं मत एका वहिनींचं, त्या दर शनिवारी मारुतीचं रूप म्हणून केळी, चणे आणि पाव गच्चीवर मांडतात. कुणी बोललं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

मला या टोळीबद्दल आपुलकी आहे, हे आधीच सांगते. मी शाळेत शिकवायची, आता दुपारी घरीच असते आणि त्यांना बघत बसते. दाणे मिळाले की आधी गालांच्या पिशव्या भरून घेतात, मग कठड्यावर निवांत बसून हाताच्या मागच्या बाजूने गाल दाबत एकेक दाणा पुढे आणून चावतात. एक म्हातारी मादी आहे, तिचा डावा कान फाटलेला. ती उठली की सगळी उठतात. गेल्या महिन्यात त्यांच्यातली एक तरुण माकडीण कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला चिकटून गेली. पिल्लू पोटाशी होतं, ते खाली गवतात पडलं. आम्ही खाली पोहोचेपर्यंत फाटक्या कानाच्या मादीने ते उचललं होतं. पिल्लू अजून आहे, मी रोज शोधते.

तर विचारायचं ते असं. पकडून घाटात सोडलं तर ती जगतात का? कायदा काय म्हणतो? आणि मुलांना इजा होणार नाही, टाकीचं पाणी घाण होणार नाही आणि टोळीही राहील, असं काही खरोखर जमतं का? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया लिहा.

---

काजू-नारळ, वेंगुर्ला

ताई, तुम्ही मनापासून लिहिलंत म्हणून मीही मनातलं लिहितो. खरां सांगूचा तर माका रागच येता. आमच्याकडे वांदर आणि लाल तोंडाची माकडं दोन्ही आहेत. कोवळे नारळ तोडून टाकतात, खायचं कमी आणि नासधूस जास्त. काजूची बोंडं पिकायला लागली की पहाटेपासून राखणीला बसावं लागतं. घराच्या मागे पावसाळ्यात भेंडी, काकडी, पडवळ व्हायचं, ते आमच्या वाडीत बहुतेकांनी सोडलं. आई अजून दोन वेल लावते आणि वेलाखाली खुर्ची टाकून बसते.

पण बंदुकीचं मत मला पटत नाही, आणि घाटात सोडायचं तर मुळीच नाही. घाट म्हणजे कुणाची तरी वाडी आहे. तुमच्या इमारतीवरची माकडं माणसाला न भिणारी, दार उघडायला शिकलेली. ती आंबोलीच्या खाली सोडली की कुठे जाणार? पहिलं घर दिसेल तिथे. एका गाडीतून माकडं उतरवली आणि पुढच्या महिन्यात खालच्या वाडीत स्वयंपाकघरांची लूट सुरू झाली, हे आमच्या नातलगांनी सोसलं आहे. जंगलातली माकडं आमच्या हाकेला पळतात. शहरातली पळत नाहीत.

त्या वहिनींना माझा निरोप द्या, रागाने नाही. शनिवारी तुम्ही केळं देता, रविवारी ते माकड माझ्या नारळावर तीच अपेक्षा घेऊन येतं, आणि मी दगड उचलतो. मारुतीवरची श्रद्धा माझीही आहे. देवळात नारळ वाढवा, प्रसाद माणसांना वाटा.

आणि इतर बागायतदारांसाठी एक. माकड-वानरांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई वन खात्याकडून मागता येते. अर्ज लगेच करायचा, दिवस जाऊ द्यायचे नाहीत, नुकसान हललं नसताना फोटो काढायचे, आणि पंचनाम्याला स्वतः हजर राहायचं. रक्कम झाडाच्या मोलाच्या मानाने थोडी असते, तरी अर्ज करा. नोंदच झाली नाही तर नुकसान झालं हे कुणाला कळणार?

---

गुरांचा डॉक्टर, कुडाळ

ताई, मी पशुवैद्य आहे. गाई-म्हशी हे माझं रोजचं काम, पण जखमी माकड आणि वानर माझ्याकडे वन खात्याची माणसं घेऊन येतात, म्हणून या विषयात थोडं शिकावं लागलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे स्पष्ट आहे : टोळी जागेवर राहू द्या, तिचं गच्चीवरचं जेवण बंद करा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी तुमचे पाहुणे कोण ते. वेंगुर्लेकरांनी बरोबर फरक केला. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, हुप्प हुप्प करणारं ते वानर. तुमच्याकडचं लाल तोंडाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस असलेलं, ते बॉनेट मॅकाक. हे माकड जगात फक्त आपल्या दक्षिण भारतात आहे, उत्तरेला तापी आणि गोदावरीच्या आसपास त्याची हद्द संपते. शहरात रोज दिसतं म्हणून ते भरपूर आहे असं वाटतं, पण धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत ते ‘असुरक्षित’ वर्गात गेलेलं आहे. रस्त्याकडेचे जुने वड, आंबे, जांभळं तुटली की त्यांची घरं जातात. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात आपण किती जुनी झाडं गमावली ते प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं आहे.

‘जंगलात खायला उरलं नाही म्हणून माकडं गावात आली’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, मला ते अर्धंच पटतं. हे माकड मुळातच माणसाच्या कडेने राहणारं आहे. देवळाचा वड, बाजारपेठ, धर्मशाळा, देवराई, इथे ते पिढ्यान् पिढ्या आहे. बदललं ते आपलं उकिरड्यावर टाकणं आणि हातावर ठेवणं. दिवसभर फिरून पानं, फळं, किडे वेचावे लागतात, त्याऐवजी एका बादलीत दुपारपर्यंतचं पोट भरत असेल तर ते डोंगरात का जाईल? पोट सहज भरलं की पिल्लं जास्त जगतात आणि टोळी वाढते. म्हणजे केळी ठेवणारा हात आणि तक्रार करणारं तोंड, दोघंही त्याच टोळीची संख्या ठरवत असतात.

पकडण्याबद्दल. या माकडांत मादी जन्मभर आपल्याच टोळीत राहते. आई, मावशा, बहिणी, त्यांच्या लेकी, असं ते घर असतं. नर वयात आले की बाहेर पडतात. तुमची फाटक्या कानाची मादी त्या अनाथ पिल्लाला का उचलून घेते, ते यावरून कळेल. पिंजरा लावला की आधी सापडतात ती कोवळी पिल्लं, त्यांच्या मागून त्यांच्या आया. खरा दांडगा नर बहुतेकदा बाहेरच राहतो. टोळी अर्धी तुटते, उरलेली जास्त बिथरतात, आणि रिकाम्या झालेल्या गच्चीवर, तिथे अन्न तसंच असलं तर, शेजारची टोळी येते. नेलेल्यांना नव्या जागी ना झाडं माहीत, ना पाणी, वर तिथल्या टोळ्यांशी मारामारी. माझ्याकडे अशी चावे खाल्लेली जनावरं आलेली आहेत. शेपटीच्या मुळाशी आणि मांडीच्या मागे खोल दात लागलेले असतात.

मोठ्या प्रमाणावरचे अनुभवही असेच आहेत. दिल्लीत २००७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शहरातली माकडं असोला भाटीच्या अभयारण्यात नेऊन ठेवायला सुरुवात झाली. तिथे त्यांना रोज फळं-भाज्या पुरवाव्या लागल्या आणि शहरातली तक्रार काही संपली नाही. हिमाचलने त्याच सुमारास नसबंदी सुरू केली, दीड लाखाहून जास्त माकडांवर शस्त्रक्रिया झाल्या. तो मार्ग मी टाकाऊ म्हणत नाही, पण तो सरकारने वर्षानुवर्षं चालवायचा मार्ग आहे, एका इमारतीच्या वर्गणीचं ते काम नाही. आणि ती उत्तरेकडची माकडं, ऱ्हीसस, वेगळी जात.

कायदा : वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकार या शब्दात मारणं, विष घालणं, पकडणं, सापळा लावणं आणि जखमी करणं हे सगळं येतं. २०२२ च्या दुरुस्तीने बॉनेट मॅकाक पहिल्या अनुसूचीत आहे. वन खात्याच्या परवानगीशिवाय खासगी माणसं बोलावून पकडणं हा गुन्हाच आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं आणि कमीत कमी २५ हजार दंड. छऱ्याच्या बंदुकीबद्दल डॉक्टर म्हणून सांगतो. छर्रा माकडाला क्वचितच जागेवर मारतो. तो पोटात किंवा मांडीत राहतो, जखम सडते, आणि जनावर पंधरवडाभर कुढत कुठेतरी मरतं. मी असा छर्रा डोळ्याच्या खोबणीतून काढला आहे. सभेत तुम्ही हे माझ्या शब्दांत वाचून दाखवा.

आता करायचं काय ते. सगळ्यात आधी ओला कचरा. रात्री बाहेर ठेवायचाच नाही. घंटागाडी आली की हातोहात द्यायचा, आणि ज्यांना ती वेळ जमत नाही त्यांच्यासाठी कडी लागणारी एक लोखंडी पेटी खाली ठेवायची. प्लॅस्टिकची बादली, वर वीट, याने माकड थांबत नाही. कचरा आणि खाऊ घालणं, दोन्ही एकाच दिवशी, सगळ्या घरांनी मिळून बंद करायचं. एका घराने चालू ठेवलं तर बाकीच्यांचे कष्ट वाया. एक गोष्ट आधीच सगळ्यांना सांगून ठेवा : बंद केल्यावर सुरुवातीचे काही आठवडे माकडं जास्त धीट होतील, दारं ठोठावतील, दात विचकतील. इथेच बहुतेक इमारती हार मानतात आणि कुणीतरी ‘एवढ्यापुरतं’ म्हणून पाव टाकतं. तसं केलंत तर आरडाओरडा केला की मिळतं हेच ती शिकतील. नेट लावून धरा.

पाव, बिस्किटं, फरसाण यांचा आणखी एक मुद्दा. माकडाचं पोट त्यातल्या त्यात सहन करतं. वानराचं नाही. वानराचं पोट रवंथ करणाऱ्या गुरांच्या वळणाचं, अनेक कप्प्यांचं, पानं आंबवून पचवणारं असतं. त्यात मैदा आणि साखर गेली की पोटफुगी होते, अगदी म्हशीला शिळा भात जास्त झाल्यावर होते तशी. आंबोलीच्या घाटात गाडी थांबवून बिस्किटाचा पुडा फेकणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण जनावर नंतर झाडीत जाऊन मरतं. आणि तो पुडा उचलायला रस्त्यावर आलेली माकडं गाड्यांखाली जातात ती वेगळीच.

हाकलायचं तर दगड नको, कुत्रा सोडणं नको. काठी जमिनीवर आपटत, सरळ, न धावता पुढे जायचं आणि त्यांना निसटायला एक बाजू मोकळी ठेवायची. कोपऱ्यात अडकलेली पिल्लाची आई चावते, मोकळी वाट मिळालेली चावत नाही. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, मुलांना हे पहिलं शिकवा. हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन गच्चीवर जायचं नाही, त्यांच्या लेखी पिशवी म्हणजे खाऊ. त्या छोट्याच्या खिडकीला जाळी बसवायचा खर्च वर्गणीतून करा, तिथे पैसे खरे सार्थकी लागतील.

आणि ओरखडा किंवा चावा झालाच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तेल काही नाही. त्याच दिवशी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, रेबीजची लस तिथे मोफत मिळते. त्या मुलाला नेलं होतं का? नसेल तर आज न्या.

---

वायरमन, रत्नागिरी

मी लाइनवर काम करतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरपुरतं लिहितो. माकड एका तारेला लटकलं म्हणून मरत नाही. एका हाताने तार आणि दुसऱ्या हाताने खांब किंवा ट्रान्सफॉर्मरची टाकी, नाहीतर दुसरी तार, अशी जोड झाली की संपलं. टाकीवर बसून बुशिंगकडे, म्हणजे टाकीतून तार बाहेर येते त्या चिनीमातीच्या दांड्याकडे, हात गेला की नेमकं तेच होतं. पिल्लाची आई अंगाने रुंद झालेली असते, दोन तारांमधून जाताना ती जास्त सापडते.

उपाय माहितीतले आहेत. बुशिंगवर इन्सुलेशनच्या टोप्या, जंपरला (जोडणीच्या उघड्या तारेला) स्लीव्ह, आणि इमारतीसमोरच्या चार उघड्या तारांच्या जागी एबी केबल, म्हणजे आवरण असलेल्या तारांची एकत्र पिळलेली केबल. वीज कंपनीला लेखी अर्ज द्या, सोबत मेलेल्या माकडिणीचा फोटो, खांब क्रमांक, आणि अर्जाची पोच घ्या. अर्जात ‘पुरवठा खंडित होतो आणि लहान मुलांच्या वाटेवर आहे’ हेही लिहा. नगरपरिषदेच्या सदस्याची सही असेल तर उत्तम. एकट्याचा अर्ज मागे पडतो, इमारतीच्या लेटरहेडवरचा हलतो.

ट्रान्सफॉर्मरवर उडी मारता येईल अशी फांदी असेल तर तेवढीच छाटा, पावसाच्या आधी, लाइन बंद करून आमच्या माणसांकडून. वड तोडायचा नाही. वड तोडलात तर तारा हीच त्यांची एकमेव वाट उरेल. वड आणि डोंगराच्या झाडीमध्ये रस्ता येत असेल तर जाड दोराचा झुलता पूल बांधता येतो. तामिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी असे पूल रस्त्यावर बांधले आहेत आणि ती ते वापरतात. फक्त विजेच्या तारेपासून पूल भरपूर लांब हवा. पावसात ओला दोर वीज नेतो.

आणि कृपा करून, चिकटलेलं माकड सोडवायला कुणीही बांबू घेऊन पुढे जाऊ नका. आधी फोन, लाइन बंद झाल्याची खात्री, मग हात.

---

आशाताई, दोडामार्ग तालुका

एक गोष्ट राहिली, आमच्या भागात ती लपवून चालत नाही. माकडताप. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली सापडला म्हणून त्याचं इंग्रजी नाव त्यावरून. आमच्या दोडामार्गात २०१६ साली पोहोचला, नंतर बांद्याकडेही रुग्ण निघाले. तेव्हापासून थंडी संपून काजूचा हंगाम सुरू झाला की आम्ही घरोघर फिरतो.

लोक म्हणतात, माकडं ताप देतात, मारून टाका. तसं नाही हो. ताप गोचिडीतून येतो. माकडाला गोचीड चावते तेव्हा माकड आपल्याआधी आजारी पडतं आणि मरतं, वानरही मरतं. मेल्यावर त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि तिथून जाणाऱ्या माणसाला लागतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं की हात लावायचा नाही, काठीने ढकलायचं नाही, आरोग्य केंद्राला आणि वन खात्याला लगेच कळवायचं. वन खात्याचा १९२६ क्रमांक आहे. ते जागा राखून फवारणी करतात आणि तपासणीला नमुना नेतात. जिथे माकड मेलं हे वेळेत कळलं तिथे माणसं सावध झाली, असं मी माझ्या वाड्यांत बघितलं आहे. माकडंच नसतील तर ही सूचना आम्हाला कोण देणार?

ट्रान्सफॉर्मरवर मेलेलं असलं तरी कळवा, अंगाला हात न लावता. काजूत जाणाऱ्यांनी अंगाला गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल लावायचं, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंघोळ. जंगलातून येऊन ताप आला की घरगुती काढा करत बसू नका.

---

डोंगरपायथा, सावंतवाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, मुलाला आजच संध्याकाळी घेऊन गेलो, लस सुरू झाली. वहिनींशीही बोलले. वेंगुर्लेकर, तुमचा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, शनिवारी मी देवळातच देईन, पण बंदूक काढली तर मी वन खात्याला फोन करणार. म्हणजे सभेत आता दोन मतं माझ्या बाजूने आहेत.

अर्जाचा मसुदा रात्री लिहिते, खांब क्रमांक उतरवून आणला आहे. एकच अडलं आहे. टाकीचं झाकण. आट्यांचं आहे, ते आता सहज फिरवतात. वर दगड ठेवला तर दोघं मिळून ढकलतात. आणि या दिवसांत डोंगरातलं पाणी आटतं, मग झाकण पक्कं केलं तर त्यांनी प्यायचं कुठे?

---

गुरांचा डॉक्टर, कुडाळ

झाकणाला आणि टाकीच्या गळ्याला समोरासमोर दोन भोकं पाडून लोखंडी पट्टी आणि कुलूप. किल्ली पहिल्या मजल्यावर एका घरात. वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देईल.

पाणी गच्चीवर ठेवू नका, नाहीतर परत तिथेच येतील. वडाच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला, चिऱ्यांचं उथळ कुंड करा, जागेसाठी वनरक्षकाला विचारून. रोज पाणी बदलायचं, आठवड्याला घासायचं, डास होता कामा नयेत. पाऊस लागला की बंद. आणि कुंडाजवळ कुणी चुकूनही खायला ठेवणार नाही, हे सभेच्या ठरावात लिहून घ्या.